गाव आडवाटेला कसं गेलं?

रायगडचा किनारा म्हटला की अलिबाग, काशीद, मुरूड-जंजिरा, दिवेआगर ही नावं आपल्या ओठांवर असतात. शनिवार-रविवारी तिकडं गाड्यांची रांग लागते. पण याच किनाऱ्याच्या पाठीशी, खाड्यांच्या काठानं काळ्या पाषाणाचे डोंगर उभे आहेत. त्यांच्या कुशीत तळा, घोसाळे, कुडा, मांदाड, मेढे अशी गावं आहेत. तिकडं जाणारा माणूस बहुधा एखादा गिर्यारोहक असतो, नाही तर इतिहासाचा अभ्यासक. आपण या गावांना सहज ‘दुर्गम’ म्हणून मोकळे होतो. आज एवढाच प्रश्न विचारायचा आहे की, ही गावं मुळातच दुर्गम होती का?

उत्तरासाठी आधी कुड्याला जावं लागेल. राजपुरीच्या खाडीवर, जंजिऱ्यापासून आत आलं की डोंगराच्या पोटात सव्वीस बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतली सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. भिंतींवर ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत आणि त्यांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. ती वाचली की अचंबा वाटतो. या मुलखावर सत्ता गाजवणाऱ्या महाभोज घराण्याचा उल्लेख आहे, तो अपेक्षितच. पण त्याबरोबर एक माळी आहे, एका वैद्याचा मुलगा आहे, व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत. लोखंडाचा एक व्यापारी तर थेट कऱ्हाडचा आहे. सहाव्या क्रमांकाचं लेणं महाभोजाच्या पदरी असलेल्या एका लेखकाच्या, म्हणजे आजच्या भाषेत कारकुनाच्या, धाकट्या भावानं करवलं. त्यातलं कोरीव काम त्याच्या पत्नीच्या आणि मुलांच्या नावानं आहे, आणि खांब लेकींच्या नावानं! दोन हजार वर्षांपूर्वी लेकींची नावं दगडावर कोरणारं हे कुटुंब काही जगापासून तुटलेलं नव्हतं.

कऱ्हाडचा लोखंडवाला सह्याद्री उतरून इथं दान कशाला देईल? कारण उघड आहे. समुद्रातून आलेलं गलबत भरतीच्या पाण्यावर खाडीत शिरायचं, माल मांदाडसारख्या ठिकाणी उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाटवाटांनी देशावर चढायचा. ग्रीक भाषेतल्या जुन्या प्रवासवर्णनांत ‘मंदगोर’ नावाच्या बंदराचा उल्लेख येतो. ते हेच मांदाड असावं, असं काही अभ्यासक मानतात. ते बाजूला ठेवलं तरी लेणी सांगतात ते पुरेसं आहे. खाडी हा तेव्हाचा हमरस्ता होता आणि कुडा त्या हमरस्त्यावरचं ठिकाण होतं.

पुढं दीड हजार वर्षांनी हीच वाट राखण्यासाठी किल्ले उपयोगी पडले. तळगड आणि घोसाळगड यांची जागा नकाशावर पाहा. खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा सिद्दी, आणि खाडीच्या पाठीमागं हे दोन गड. जंजिरा शेवटपर्यंत मराठ्यांच्या हाती आला नाही, म्हणून या गडांचं मोल अधिक. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांना तेवीस किल्ले सोडावे लागले आणि जे बारा त्यांनी स्वतःकडं राखले, त्यांत तळा आणि घोसाळा होते. आज जे किल्ले आपल्याला ‘किरकोळ’ वाटतात, ते त्या कठीण घडीला हातचे सोडायचे नाहीत असं ठरलं होतं! तळगडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत. गडाची शिबंदी होती, तिला धान्य, गवत, सरपण लागायचं. पायथ्याची गावं त्यावर जगायची.

मग हे सारं मोडलं कसं? १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेनं हे किल्ले एकामागून एक घेतले आणि शिबंदी मोडली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे देशावर गेली. घाटावरचा माल सरळ मुंबईला जाऊ लागला आणि खाड्यांच्या काठची पेणी ओस पडत गेली. पुढं घराघरांतली कर्ती माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि गावं मनिऑर्डरीवर जगू लागली. मुंबई-गोवा महामार्ग आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे, दोन्ही खाडीपासून दूर, पूर्वेकडून कोलाड-माणगाववरून गेली. गाव होतं तिथंच राहिलं, वाट तेवढी बदलली.

हा केवळ जुन्या गोष्टींचा विचार नाही. याच जिल्ह्यात, पण खाडीपासून लांब, खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीत इरशाळवाडी नावाची ठाकर समाजाची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं कधीच सापडली नाहीत. वर गाडीरस्ता नव्हता. बचावाची माणसं पावसाचिखलातून पायी चढली, यंत्रं नेता आली नाहीत, मातीचे ढिगारे हातांनी उपसावे लागले. ‘दुर्गम’ या शब्दाची खरी किंमत तिथल्या लोकांनी मोजली. वाट कुठून न्यायची, हे माणसं ठरवतात. डोंगर ठरवत नाही.

जुलै २०२५ मध्ये रायगड आणि खांदेरीसह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आनंदाची गोष्ट आहे. पण त्या बारांना पाहायला निघालेल्या माणसानं इंदापूरला महामार्ग सोडून तळ्याकडं वळावं, असं मनापासून वाटतं. गड चढावा, मग मांदाडमार्गे कुड्याला जावं. पाणी आणि जेवण गावातच विचारावं आणि त्याचे पैसे गावातच द्यावेत. वाट दाखवायला गावातलाच एखादा जाणता माणूस बरोबर घ्यावा. आणि सहाव्या लेण्यातल्या त्या खांबांपाशी जरा थांबावं. लेकींच्या नावानं घडवलेले ते खांब अजून उभे आहेत.