वाटसरूचें पिस्तूल



अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहराच्या पूर्वेस डेलावेअर नांवाची नदी वाहते. नदीच्या अलीकडे पेनसिल्व्हानिया राज्य, पलीकडे न्यू जर्सी. आणि दोहोंना जोडणारा, १९२६ सालीं वाहतुकीस खुला झालेला मोठा पूल. या पुलावरून रोज असंख्य माणसें कामाला जातात-येतात. त्यांत आपल्या पुण्या-मुंबईकडचीं मुलेंही असतात. कारण न्यू जर्सींत ज्यांचें कोणीच नाहीं असें सुशिक्षित मराठी घर आतां शोधावेंच लागेल. फिलाडेल्फियांत लागलेलें लग्न पूल ओलांडल्यानें मोडत नाहीं. तेथला मोटार चालविण्याचा परवाना पलीकडेही चालतो. परंतु पिस्तूल जवळ बाळगण्याचा जो परवाना अलीकडच्या तीरावर मिळालेला असतो, तो मात्र पुलाच्या मध्यावर निर्जीव होतो. आणि त्याच क्षणीं तें पिस्तूल बाळगणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनें गुन्हेगार ठरतो.

२०१३ च्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईच्या बाबतींत असेंच झालें. न्यू जर्सींत गाडी चालवीत असतां पोलिसानें तिला वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून थांबविलें. आपल्याजवळ पिस्तूल आहे व त्याचा परवानाही आहे, हें तिनें आपण होऊन सांगितलें. सांगितलें नसतें तर कदाचित् कोणी विचारलेंही नसतें! तिला अटक झाली. त्या गुन्ह्याला तेथें जी किमान शिक्षा ठरलेली होती, ती तीन वर्षांहून कमी नव्हती. तिचें पुढें काय झालें तें ओघानें येईलच.

प्रश्न असा आहे: घर सोडून दूर निघालेल्या माणसानें आपलें शस्त्र कोणत्या कायद्याच्या आधारानें बरोबर न्यावें? घरच्या, वाटेवरच्या, कीं जेथें पोहोंचावयाचें तेथल्या? मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना इतिहास-भूगोल शिकविलेला शाळामास्तर आहें. आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत या देशाचें नांव ‘संयुक्त संस्थानें’ असें असे. प्रस्तुत विषयापुरतें तरी तें नांव फार समर्पक आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र-कायदा साऱ्या देशाला एकच. परवाना कोणत्या क्षेत्रांत चालेल तें त्या परवान्यावरच लिहिलेलें असतें. अमेरिकेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ सालीं घटनेंत आला खरा, पण शतकाहून अधिक काळ तो केवळ मध्यवर्ती सरकारला बांधणारा समजला जाई. राज्यांनाही तो बांधतो, हें तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं सांगितलें. तोंवर प्रत्येक संस्थानानें आपापली वेस आपापल्या मनाप्रमाणें बांधून घेतली होती.

या कायद्यांचें मूळ इंग्लंडांत आहे. तिसरा एडवर्ड याच्या अमदानींत १३२८ सालीं नॉर्थॅम्प्टन येथें झालेल्या कायद्यानें जत्रांत, बाजारांत व राजाच्या अधिकाऱ्यांसमोर सशस्त्र जाण्यास मनाई केली. समुद्र ओलांडून गेलेल्या वसाहतवाल्यांनीं ही कल्पना बरोबर नेली. परंतु अमेरिकेंतील वाट ही इंग्लंडांतील वाट नव्हती. जंगल, विरळ वस्ती आणि दोन गांवांमध्यें दोन-दोन दिवसांचा रस्ता. म्हणून १८१३ सालीं केंटकी राज्यानें जेव्हां खिशांतलें पिस्तूल, खंजीर व काठींतली गुप्ती लपवून बाळगण्यास किमान शंभर डॉलर दंड ठेवला, तेव्हां त्यांतून प्रवासाला निघालेल्या माणसाला वगळलें. पुढें १८२२ सालीं काठींत गुप्ती बाळगणाऱ्या एकाच्याच खटल्यांत तेथील न्यायालयानें तो कायदाच रद्द ठरविला. तथापि वाटसरूची सवलत मात्र इतर राज्यांनीं उचलली. १८२० सालीं इंडियानानें प्रवाशांना वगळलें. १८२१ सालीं टेनेसीनें आपल्या परगण्याबाहेर किंवा राज्याबाहेर निघालेल्याला वगळलें. टेक्सासनें १८७१ सालीं, यादवी युद्धानंतरच्या धामधुमींत, कडक कायदा केला. त्यांतही प्रवाशाला आपल्या सामानांत शस्त्र नेण्याची मुभा ठेवली.

सवलत माणुसकीची होती यांत शंका नाहीं. घरीं माणसाला भिंती असतात, शेजारी असतो. वाटेवर त्यांतलें कांहींच नसतें. पण वाटसरू म्हणावें कोणाला? साताऱ्याहून वाईच्या बाजाराला निघालेला प्रवासी, कीं काशीला निघालेलाच प्रवासी? वाटेंत मुक्काम केला तर प्रवास चालूच राहिला, कीं संपला? टेक्सासमधील न्यायाधीशांनीं कधीं अंतर मोजलें, कधीं लागलेला वेळ पाहिला, कधीं प्रवास घोड्यावरून कीं आगगाडीनें हें पाहिलें. एकाला प्रवासी वाटलेला मनुष्य दुसऱ्याला भटक्या वाटे. हा घोळ थोडाथोडका नव्हे, एकशें चौतीस वर्षें चालला. शेवटीं २००५ सालीं टेक्सासच्या विधिमंडळानें असें ठरविलें कीं, कांहीं अटी पाळून खासगी मोटारींतून पिस्तूल नेणारा माणूस प्रवासीच आहे असें गृहीत धरावें. दोन वर्षांनीं तोही आडवळणाचा मार्ग सोडून स्वतःच्या मोटारींत पिस्तूल ठेवण्यास सरळच परवानगी दिली.

या सवलतीची दुसरी बाजू सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १८५७ सालीं ड्रेड स्कॉट याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. हा मनुष्य गुलाम. धन्याबरोबर तो गुलामगिरी नसलेल्या इलिनॉय राज्यांत राहिला होता. तेव्हां त्या भूमीवर पाय ठेवल्यानें आपण मुक्त झालों, असा त्याचा दावा होता. म्हणजे हाही सीमा ओलांडण्याचाच तंटा. मुख्य न्यायाधीश टॅनी यांनीं निकाल त्याच्याविरुद्ध दिला. काळ्या माणसांना नागरिक मानलें तर काय अनर्थ ओढवेल, याची त्यांनीं यादी दिली: तीं माणसें वाटेल तेव्हां वाटेल त्या राज्यांत विनापरवाना शिरतील, सार्वजनिक प्रश्नांवर सभा भरवतील आणि जेथें जातील तेथें शस्त्र बरोबर नेतील. शस्त्र घेऊन राज्याची सीमा ओलांडणें हें नागरिकत्वाचें लक्षणच आहे, अशी ही कबुली होती, आणि ती एका माणसाला नागरिकत्व नाकारतांना दिली गेली! युद्ध झालें, गुलामगिरी गेली; तरी १८६५ सालीं मिसिसिपीनें मुक्त झालेल्या काळ्या माणसांना स्थानिक अधिकाऱ्यांच्या परवान्यावांचून बंदूक बाळगण्यास मनाई केलीच. १८६८ सालच्या घटनादुरुस्तीनें नागरिकत्व कागदावर आलें. रस्त्यावर मात्र कोणाला वाटसरू म्हणावयाचें आणि कोणाला गुन्हेगार, हें त्या गांवचा शिपाईच ठरवीत राहिला.

विसाव्या शतकांत शहरें वाढलीं आणि भय जंगलांतून गल्लींत आलें. १९१० च्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्कचे महापौर गेनर यांच्यावर गोळी झाडली गेली. गंमत अशी कीं, तीही न्यूयॉर्कांत नव्हे, नदीपलीकडे न्यू जर्सींतील होबोकेन बंदरांत, युरोपला निघालेल्या आगबोटीवर. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कचा प्रसिद्ध सलिव्हन कायदा झाला आणि लहान शस्त्र परवान्यावांचून जवळ ठेवणेंही गुन्हा ठरलें. त्याला लागूनच व्हर्माँट राज्य. तेथें परवाना लागतच नाहीं, पूर्वींही लागत नव्हता. अशीं दोन घरें एका भिंतीला टेकून उभीं आहेत.

मध्यवर्ती सरकार यांत हळूहळू शिरलें. १९२७ सालीं पिस्तूल टपालानें सामान्य गिऱ्हाइकाला पाठविण्यास बंदी झाली. खासगी पार्सल कंपन्यांना मात्र ती लागू नव्हती, त्यामुळें व्यापार थांबला नाहीं. १९३४ च्या कायद्याच्या पहिल्या मसुद्यांत पिस्तुलें होतीं, तीं अखेरीस वगळलीं गेलीं. १९६३ सालीं अध्यक्ष केनेडी यांचा खून ज्या रायफलीनें झाला, ती शिकागोच्या दुकानांतून खोट्या नांवानें मागविलेली होती. तरी कायदा होण्यास १९६८ साल, आणि मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे आणखी दोन खून लागले. त्या कायद्यानें परक्या राज्यांतील गिऱ्हाइकाला पिस्तूल विकणें बंद केलें. विक्रीला सीमा मिळाली. वाटसरूचें काय, हें तसेंच राहिलें.

तें उत्तर १९८६ सालीं आलें. रेगन अध्यक्ष असतां मंजूर झालेल्या कायद्यांतील हें कलम शांतपणें ऐकण्यासारखें आहे. ज्या ठिकाणीं एखाद्याला शस्त्र बाळगणें कायदेशीर आहे तेथून निघून, जेथें तें कायदेशीर आहे अशा दुसऱ्या ठिकाणीं तो जात असेल, तर मधल्या राज्याचा कायदा कांहींही असो, त्याला तें नेतां येईल. अट अशी कीं, शस्त्रांत गोळी नसावी, आणि शस्त्र किंवा गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागतां नयेत. गाडीला मागें वेगळा कप्पा नसेल तर कुलुपाच्या पेटींत ठेवावें; पुढचा हातमोजांचा खण त्यासाठीं चालणार नाहीं. सारांश, पिस्तूल जाईल, पण पिस्तूल म्हणून नव्हे, सामान म्हणून जाईल. १८७१ सालच्या टेक्सासनें ‘सामानांत’ हाच शब्द वापरला होता, याची येथें आठवण होते. (परदेशी मुलांना हें कलम फारसें उपयोगीं नाहीं. व्हिसावर तात्पुरत्या गेलेल्या माणसाला तेथें थोडे अपवाद सोडल्यास शस्त्र बाळगतांच येत नाहीं, हें घरोघरीं ठाऊक असलेलें बरें.)

कलम नेटकें दिसतें. परंतु वाट नेहमी नेटकी नसते. २००५ च्या मार्चअखेर युटा राज्यांतला एक गृहस्थ पेनसिल्व्हानियाला विमानानें निघाला. पिस्तूल रिकामें, कुलुपाच्या पेटींत. गोळ्या वेगळ्या कुलुपांत. विमान कंपनीला आगाऊ कळविलेलें. न्यू जर्सींत न्यूअर्क येथें विमान बदलावयाचें होतें. पहिलें विमान उशिरां पोहोंचलें आणि पुढचें चुकलें. कंपनीच्या बसमध्यें तो बसला, तों आपलें सामान बसमध्यें नाहीं असें त्याला कळलें. सामान शोधून आणीपर्यंत बस गेली. रात्र झाली होती. पेटी घेऊन तो जवळच्या हॉटेलांत उतरला. सकाळीं विमानतळावर जाऊन त्यानें नियमाप्रमाणें ‘माझ्या सामानांत पिस्तूल आहे’ असें सांगितलें, आणि त्याला अटक झाली.

कांहीं दिवस तुरुंगांत काढल्यावर तो सुटला, खटलाही काढून घेण्यांत आला. मग त्यानेंच दावा लावला. २०१० सालीं फिलाडेल्फिया येथील अपील न्यायालयानें तो फेटाळला. कारण एवढेंच कीं, हॉटेलांत पेटी रात्रभर त्याच्या हाताशीं होती. आणि हाताशीं असलेल्या शस्त्राला १९८६ चें कलम संरक्षण देत नाहीं. यांत त्याचा दोष नसून परिस्थिति अडचणीची होती, हें न्यायाधीशांनीं मान्य केलें. सामान ताब्यांत घेण्यापूर्वींच पोलिसांना किंवा विमानतळाच्या माणसांना गांठावयास हवें होतें, असेंही सुचविलें. सर्वोच्च न्यायालयानें पुढें त्यांत लक्ष घातलें नाहीं.

मला हा निकाल वाचतांना चैन पडलें नाहीं. न्यू जर्सीला आपल्या रस्त्यांवर पिस्तुलें कमी असावींत असें वाटणें मला गैर वाटत नाहीं. मी त्या राज्यांत राहात असतों तर माझेंही मत तेंच पडतें. पण जो मनुष्य प्रत्येक टप्प्यावर स्वतः होऊन खरें सांगतो, त्यालाच तुरुंग मिळतो आणि जो गप्प बसतो तो सुखरूप जातो, अशी मांडणी कोणत्या राज्याच्या हिताची, हें मला उमगत नाहीं. वर्गांत अशी शिक्षा मीं एकदां चुकून केली होती; त्यानंतर पुष्कळ दिवस कोणीही मूल खरें सांगावयास पुढें येईना.

तेव्हांपासून वाट थोडी रुंदावली आहे, सर्वांना सारखी नव्हे. पोलिसांना, निवृत्त पोलिसांनाही, २००४ च्या कायद्यानें साऱ्या राज्यांत पिस्तूल बाळगण्याची मुभा मिळालीच होती. एका राज्याचा परवाना दुसऱ्यानें मानावा असें विधेयक २०१७ च्या डिसेंबरांत प्रतिनिधिगृहांत संमत झालें. सेनेटमध्यें तें अडलें. २०२२ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें, परवान्यासाठीं खास कारण दाखवावें ही न्यूयॉर्कची १९१३ पासूनची अट रद्द केली. पण परवाना देण्याचा राज्याचा अधिकार त्यानें काढून घेतला नाहीं.

आणि ती फिलाडेल्फियाची आई? तिला प्रथम तडजोड नाकारली गेली. गवगवा झाला. २०१४ च्या सप्टेंबरांत न्यू जर्सीच्या महाधिवक्त्यांनीं अशा परराज्यांतील प्रामाणिक माणसांविषयीं सरकारी वकिलांना नवें धोरण घालून दिलें, आणि तिचा तुरुंगवास टळला. २०१५ च्या एप्रिलांत राज्यपाल क्रिस्टी यांनीं तिला पूर्ण माफी दिली. पेनसिल्व्हानियाचा परवाना मात्र न्यू जर्सी आजही मानीत नाहीं. नियम पाळणारा गाडीवान अजून पुलाच्या अलीकडे थांबतो, पिस्तुलांतल्या गोळ्या काढतो, कुलूप लावून पेटी मागच्या कप्प्यांत ठेवतो आणि मग गाडी पुढें हाकतो.