बोगनवेल आणि एका चित्राची मिति

जुन्या चित्राचा काळ ठरवितांना कागद, रंग, लिपि व मिति यांची परीक्षा संशोधक करितात. चित्रांतील झाडापानांकडे मात्र क्वचितच लक्ष जातें. या उपेक्षेमुळें आमच्या हातून घडलेली एक चूक येथें नमूद करीत आहों.

बुलढाणा जिल्ह्यांतील एका जुन्या घराण्याच्या दप्तरांत निवाडपत्रें व वतनाचे कागद यांसोबत एक रंगीत चित्र आम्हांस पाहावयास मिळालें. वाड्याचा दरवाजा, त्यापुढें बसलेले घराण्याचे मूळ पुरुष, आणि खालीं ‘शके १७०२ शार्वरी नाम संवत्सरे’ अशी बाळबोध ओळ. शके १७०२ म्हणजे इ. स. १७८०, त्या वर्षीं संवत्सर शार्वरीच होता. हा मेळ पाहून चित्र समकालीन असल्याचा अभिप्राय आम्हीं लिहून दिला, व पूर्वजाचें अस्सल चित्र आपल्या घरीं आहे असें मालकांस वाटूं लागलें.

पुढें तेंच चित्र पुन्हा पाहतांना दरवाजावरील वेलीवर दृष्टि गेली. जांभळट गुलाबी तीन पाकळ्या, मधोमध पांढरीं बारीक फुलें, पानाच्या बगलेंत कांटा. ही बोगनवेल होय. तिच्या पाकळ्या म्हणून जें दिसतें तीं रंगीत पानें. खरें फूल आंतलें, नळीसारखें व इवलेंसें. हा भेद चित्रकारानें अचूक टिपला आहे. अर्थात् वेल त्याच्या पाहण्यांतली होती.

ही वेल दक्षिण अमेरिकेंतील. बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्यानें सन १७६६ ते १७६९ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या सोबतचा वनस्पतिज्ञ कोमेर्सों यास ती १७६७ त ब्राझिलांत रिओ द जानेरो येथें आढळली, व त्या दर्यावर्द्याचें नांव तिला मिळालें. ज्युस्यू यानें १७८९ त तें ग्रंथांत प्रसिद्ध केलें. हिंदुस्थानांत ती कलकत्त्यास १८६० च्या सुमारास आली असें उद्यानविद्येचे जाणते सांगतात. मग १७८० त ती वऱ्हाडांतील वाड्यावर कशी चढली?

येथें एक शंका निघेल. ब्राझील पोर्तुगीजांचें, गोवेंही त्यांचेंच. अननस व काजू त्यांनींच आणिले, तशी ही वेलही पूर्वीं आली नसेल कशावरून? याचें उत्तर तिच्या कुळांतच सांपडतें. पुनर्नवा व गुलबक्षी या तिच्या सगोत्र. पुनर्नवा चरकास ठाऊक आहे. गुलबक्षी अमेरिकेंतूनच आलेली. ती व्हान रीड या डच अधिकाऱ्याच्या, १६७८ ते १६९३ या काळांत छापलेल्या, मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथांत आहे. बोगनवेल त्यांत नाहीं. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत मालती आहे, माधवी आहे. हिच्याकरितां शब्द नाहीं. ‘बोगनवेल’ यांतील शेवटचीं दोन अक्षरें पाहून कोणी देशी व्युत्पत्ति शोधूं लागेल, तर तोही फसेल. परक्या ‘व्हिल’ला आमच्या लोकांनीं ‘वेल’ केलें इतकेंच.

तेव्हां हें चित्र मितीच्या निदान ऐंशी वर्षांनंतरचें ठरतें. मिति लिहिणारास पंचांग येत होतें, वेलीचें वय ठाऊक नव्हतें. मात्र यावरून तें कपटानेंच केलें असें आम्ही म्हणत नाहीं. जुन्या, जीर्ण चित्राची नक्कल करतांना मूळची मिति उतरून घेतली, आणि दरवाजा आपल्या काळच्या वेलीनें सजविला, हेंही संभवतें. दप्तरांतील इतर कागदांसही यानें बाध येत नाहीं. त्यांची परीक्षा स्वतंत्र. आम्हीं आपला अभिप्राय लेखी परत घेतला. मालकांस वाईट वाटलें, आम्हांसही वाटलें.

सिंदखेड राजा, देऊळगांव राजा, मेहकर अशीं जुनीं स्थळें आमच्या जिल्ह्यांत आहेत. तेथील एखाद्या पडक्या भिंतीवर बोगनवेल फुललेली दिसली, आणि तिचें खोड मनगटाएवढें जाड असलें, तरी ती १६२९ त मारल्या गेलेल्या लखुजी जाधवांच्या काळची समजूं नये. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, चित्र हातीं येतांच मिति वाचावी, आणि मग तींतील फुलेंही वाचावीं.