काटा त्या रात्री खरं सांगत होता

बंद पडलेला काटा माणसाला सावध करतो. पण अधूनमधून खोटं दाखवणाऱ्या काट्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात 1984 साली हीच सवय नडली.

जून 1984
मिथाइल आयसोसायनेटच्या टाक्या गार ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद केली गेली. हे रसायन शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं आणि तापमान 11 अंशांवर गेलं की धोक्याची सूचना मिळायची, असा नियम होता. आता टाकीतलं तापमान कायमच त्याहून जास्त राहू लागलं, आणि त्या सूचनेला अर्थच उरला नाही.

2 डिसेंबर, रविवार, रात्री 9.30
कारखान्यात नळ धुण्याचं काम सुरू झालं. सुमारे 40 टन रसायन असलेल्या ई-610 टाकीत पाणी शिरलं. ते या धुण्यातून गेलं असं कामगारांचं म्हणणं, तर कोणीतरी मुद्दाम सोडलं असा कंपनीचा दावा. पाणी शिरलं, याबद्दल मात्र दोघांचंही दुमत नाही.

10.20
टाकीतला दाब चौरस इंचाला 2 पौंड. नेहमीसारखाच.

10.45
पाळी बदलली.

11.00
दाब 10 पौंड. चाळीस मिनिटांत पाचपट. पण 2 ते 25 पौंडांपर्यंतचा दाब चालण्यासारखा मानत, आणि तिथल्या मापकांवर कोणाचा फारसा भरवसाही नव्हता. कोणी हलायचं कारण दिसलं नाही.

11.30
कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती सापडली. अशा किरकोळ गळत्या तिथे नव्या नव्हत्या. चहानंतर बघू, असं ठरलं.

3 डिसेंबर, 12.40
चहा संपला. दाबाचा काटा 55 पौंडांवर, म्हणजे पट्टीच्या शेवटाला जाऊन टेकला होता. तापमानाचा काटाही 25 अंशांवर अडकला होता, कारण त्याची पट्टीच तिथे संपत होती. आत प्रत्यक्षात किती उष्णता आहे, हे सांगणारं साधन कारखान्यात नव्हतं. हे रसायन साधारण 39 अंशांना उकळतं. टाकीतलं तापमान 200 अंशांपलीकडे गेलं होतं, हे पुढे तिच्यात उरलेल्या गाळाच्या तपासणीतून कळलं. टाकीवरचं काँक्रीट तडकू लागलं आणि सुरक्षा झडप उघडली.

1.00
भोंगा वाजला. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे वायू बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत. झोपेत असलेल्या वस्त्यांवर वायू पसरत गेला.

2.00 च्या सुमारास
झडप पुन्हा बसली. तोवर टाकीतलं बहुतेक रसायन बाहेर पडलं होतं.

मध्य प्रदेश सरकारने 3,787 मृत्यू मान्य केले. खरा आकडा याच्या कितीतरी पट असल्याचं पीडितांच्या संघटना सांगत आल्या आहेत. 7 जून 2010 रोजी न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. तोवर पंचवीस वर्षं उलटून गेली होती.

शेवगावकरांनी ही दूरची गोष्ट समजू नये. 25 फेब्रुवारी 2023 रोजी तालुक्यातल्या गंगामाई साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला आग लागली, तेव्हा ज्वालाग्राही टाक्यांच्या शेजारी राहणं म्हणजे काय, हे आसपासच्या गावांनी पाहिलं.

म्हणून बॉयलर असो, डिस्टिलरी असो की पोहण्याच्या तलावाचा हीटर, आकड्याचा संशय आला की वेगळा तापमापक लावून ताडून पाहा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर आधी यंत्र थांबवा. वायर, जोडणी, सेन्सर या क्रमाने तपासा आणि दोष निघाल्याशिवाय ते पुन्हा सुरू करू नका. ‘तो काटा तसाच दाखवतो’ हे वाक्य पाळीवरच्या कोणी उच्चारलं, तर दुरुस्तीची तारीख त्याच दिवशी ठरली पाहिजे.