सरासरी मेंदू कुणाचा?

सरासरी काढणं म्हणजे माझ्यासाठी एका ओळीचा कोड. बेरीज करा, संख्येनं भागा. मेंदूच्या एमआरआय स्कॅनची सरासरी कशी काढतात हे वाचायला लागलो, तेव्हा कळलं की खरी अडचण त्या ओळीच्या आधी आहे. तुमच्या मेंदूतला एखादा बिंदू माझ्या मेंदूत नेमका कुठे येतो? हे ठरवायला दोघांना चालेल असा एक नकाशा लागतो.

असा एक गाजलेला नकाशा फ्रेंच न्यूरोसर्जन जाँ तालैराख आणि पिएर तूर्नू यांनी १९८८ साली प्रसिद्ध केला. तो बेतला होता ६० वर्षांच्या एका मृत स्त्रीच्या मेंदूवर. पुढे कित्येक वर्षं संशोधक इतरांच्या मेंदूतल्या हालचालींचे पत्ते तिच्या मेंदूच्या भाषेत लिहीत राहिले.

एकाच मेंदूवर किती विसंबायचं? म्हणून १९९०च्या दशकात माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये ३०५ निरोगी माणसांचे स्कॅन एकमेकांवर बसवून सरासरी काढली गेली. चित्र धुरकट आलं, मेंदूच्या वरच्या घड्या तर पुसल्यासारख्याच झाल्या. तिथेच कॉलिन होम्स या संशोधकाचे २७ स्कॅन घेऊन त्यांचीही सरासरी काढली. ती मात्र लखलखीत आली.

गणित दोन्हीकडे तेच. पण कॉलिनच्या २७ स्कॅनमध्ये दर वेळी बदलत होता तो यंत्राचा गोंगाट. सरासरीत तो पाचेक पट कमी झाला. ३०५ जणांत घड्याच वेगवेगळ्या होत्या. तिथे सरासरीनं पुसला तो माणसामाणसांतला फरक.

शिवाय त्या ३०५ जणांत २३९ पुरुष होते आणि बहुतेक सगळे तरुण. त्यानंतर त्याच संस्थेतून आलेली १५२ जणांची सरासरी एसपीएम, एफएसएलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण साचा म्हणून बसली. आपण सॉफ्टवेअरवाले डिफॉल्ट सहसा बदलत नाही.

२०१९ साली हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं १०० भारतीयांच्या स्कॅनवरून अ‍ॅटलास केला. भारतीय मेंदू आकारानं सरासरी लहान दिसले. याचा बुद्धीशी संबंध लावू नका. प्रश्न तुलनेचा आहे. मोठ्या साच्याशेजारी ठेवलेला निरोगी मेंदूही आक्रसलेला वाटू शकतो, आणि स्मृतिभ्रंशाच्या निदानात डॉक्टर नेमकं तेच आक्रसणं शोधत असतात. नंतर बंगळुरूच्या निमहान्सनं ६ ते ६० वर्षांच्या भारतीयांसाठी वयानुसार पाच साचे तयार केले.

माझी आजी ७८ वर्षांची आहे. हल्ली ती नावं विसरते. उद्या तिचा स्कॅन काढला, तर रिपोर्टमध्ये ‘वयाच्या मानाने’ असं काहीतरी लिहून येईल. ते मान कुणाच्या मेंदूंवरून काढलंय, हे मी डॉक्टरांना विचारणार आहे.