पिंजऱ्यात नसलेला माणूस



कोर्टाचा चित्रपट पाहून परतणाऱ्या मंडळींचे बोलणे ऐकण्यासारखे असते. लग्नाचा, लढाईचा किंवा देवादिकांचा चित्रपट पाहिलेला माणूस गाणी आठवीत घरी जातो. कोर्टाचा चित्रपट पाहिलेला माणूस भांडत घरी जातो. त्यातून दिग्दर्शकाने शेवटी निकालच सांगितला नसेल, तर मग विचारावयासच नको. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या या अनसिंगात चहाच्या टपरीवर तो खटला दुसऱ्या दिवशीही चालू राहतो. एक म्हणतो, बाई दोषी. दुसरा म्हणतो, छे, तिच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. तिसरा म्हणतो, अहो, पाणी कसले खरे, ती नटी आहे. तिला त्याचेच पैसे मिळतात!

या तिसऱ्या गृहस्थाला हसून सोडून देऊ नये. दोष कोणाचा आणि काम कोणाचे चांगले झाले, हे दोन प्रश्न आपण वेगळे समजतो. परंतु खऱ्या कोर्टातही ते एकमेकांत गुंतलेलेच असतात. साक्षीदार अडखळला की तो खोटा वाटतो, आणि धडाधड बोलला की पढविलेला वाटतो. वाशीमच्या कोर्टात तारखेला जाऊन आलेल्यांना हे मी सांगावयास नको. आज मला या गुंत्याचा थोडा इतिहास सांगावयाचा आहे. न्या. रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तिच्या वंशातलीच ही आपली व्याख्यानमाला. मूळ पुरुष न्यायाधीश असल्यामुळे येथे कोर्टाचा विषय काढण्यास हरकत नसावी.

आपल्याकडे न्याय हा पूर्वापार चारचौघांत व्हावयाचा. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्यातूनच आली. मराठेशाहीत गोतसभा बसे, निवाड्याचा महजर लिहिला जाई, त्यावर कुणबी नांगराची निशाणी करी. पुराव्याने वाद मिटला नाही तर दिव्य करावयाचे. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, मग हात बांधून ठेवावयाचा, आणि ठरल्या दिवशी तो सर्वांसमक्ष उघडून पाहावयाचा. हे एक प्रकारचे नाटकच होते, आणि गाव त्याचा प्रेक्षक होता. फरक इतकाच की हात खरा भाजे.

इंग्रजांनी ज्यूरी आणली. जेथे ज्यूरी नव्हती तेथे सेशन कोर्टात असेसर बसत. त्यांचे मत न्यायाधीश ऐकून घेई, पण ते त्याच्यावर बंधनकारक नसे. ज्यूरीचे तसे नव्हते. तिचा शब्द सहजासहजी मोडता येत नसे. म्हणूनच १९५९ साली मुंबईत जे घडले त्याने सारा देश चक्रावून गेला.

नौदलातील कमांडर कावस नानावटी याने २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा याच्यावर पिस्तूल झाडले. आपल्या पत्नीचे आहुजाशी संबंध आहेत हे त्याला त्याच दिवशी तिच्याच तोंडून कळले होते. जहाजावर जाऊन त्याने पिस्तूल घेतले, आहुजाच्या घरी जाऊन तीन गोळ्या झाडल्या, आणि नंतर आपण होऊन तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. बचाव असा की झटापट झाली आणि तीत पिस्तूल उडाले. फिर्यादी पक्षाने एकच साधी गोष्ट पुढे केली: आहुजा नुकताच स्नान करून आला होता, कमरेला टॉवेल होता, आणि मेल्यावरही तो टॉवेल सुटलेला नव्हता. दोन धट्टेकट्टे पुरुष पिस्तुलासाठी झगडतात आणि टॉवेलची गाठ सुटत नाही, हे कसे?

हा टॉवेल मुंबईत इतका गाजला की फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ म्हणून टॉवेल विकू लागले, आणि मुलांसाठी नानावटीच्या नावाची खेळण्यातली पिस्तुले आली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटीचा पक्ष घेतला. त्याचा अंक छापील किमतीच्या कितीतरी पट भावाने जाऊ लागला. कोर्टात नानावटी नौदलाच्या शुभ्र गणवेशात, छातीवर पदके लावून उभा राही. रुबाबदार, शांत, मोजके बोलणारा. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरविले.

न्यायाधीशांना हा कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले. हायकोर्टाने १९६० साली खुनाबद्दल जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ती कायम केली, आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. ज्यूरी या एकाच खटल्याने गेली असे सांगण्याची पद्धत आहे. ती बरोबर नाही. कायदा आयोगाने १९५८ सालीच ती बंद करण्याची शिफारस केलेली होती, आणि कायद्याच्या पुस्तकातून ती पुरती गेली ती १९७३ च्या फौजदारी संहितेने. (पारशी समाजाच्या विवाहविषयक कोर्टात पंच अजूनही बसतात, ही गंमत जाता जाता सांगून ठेवतो.) पण लोकांच्या मनात ज्यूरीचे मरण नानावटीच्या नावावर लिहिले गेले ते गेलेच.

मला मात्र या खटल्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आहुजा शेवटच्या क्षणी काय बोलला हे ज्यूरीला कोणाकडून कळले? त्याला मारणाऱ्याकडून. पत्नीशी लग्न करून मुलांना सांभाळशील का, असे आपण विचारले आणि त्याने निर्लज्ज उत्तर दिले, असे नानावटीने सांगितले. ते खरेही असेल. परंतु आहुजा पिंजऱ्यात येऊन ‘मी असे बोललो नाही’ असे म्हणू शकत नव्हता. जो दिसत होता त्याचे ज्यूरीला पटले. जो दिसत नव्हता तो हरला.

खटला संपतो न संपतो तोच १९६३ साली ‘ये रास्ते हैं प्यार के’ हा चित्रपट आला. नायक सुनील दत्त, नायिका लीला नायडू. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांच्या ‘अपराध मीच केला’ या नाटकावरही याच खटल्याची छाया होती. त्याआधी १९६० साली बी. आर. चोप्रांनी ‘कानून’ काढला होता, एकही गाणे नसलेला. गाण्यावाचून हिंदी चित्रपट चालतो यावर विश्वास बसू नये असा तो काळ; पण खटल्यातील संशय एवढा पकड घेणारा होता की प्रेक्षकांना गाणी आठवलीच नाहीत. कोर्टातल्या बाकांवरून उठविलेली ज्यूरी थिएटरातल्या खुर्च्यांवर येऊन बसू लागली होती.

जपानच्या अकिरा कुरोसावाने हे त्याआधी, १९५० साली, ‘राशोमोन’मध्ये अगदी उघड करून दाखविले होते. रानात एक सामुराई मेला आहे. दरोडेखोर, सामुराईची बायको आणि एक लाकूडतोड्या आपापली हकीकत सांगतात, आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नाही. ते ज्याच्यापुढे बोलतात तो न्यायाधीश पडद्यावर कधीही दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. साक्षीदार थेट आपल्याकडे तोंड करून बोलतात. न्यायासनावर आपणच असतो! आणि येथे मेलेल्यालाही साक्ष देता येते. अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून सामुराई बोलतो. गंमत अशी की मेलेला माणूसही आपली अब्रू सांभाळूनच बोलतो. चित्रपटाला १९५१ साली व्हेनिसचे मोठे पारितोषिक मिळाले, आणि खरे कोणाचे हा वाद आजतागायत चालू आहे.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ, कारण खरा मासला तेथेच आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला. छायाचित्रण गोविंद निहलानींचे, बेणारे पुन्हा सुलभाताईच. अमोल पालेकर पडद्यावर प्रथम दिसले ते याच चित्रपटात.

कथा आपल्यासारख्या गावातच घडते. शहरातली एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास खेड्यात आलेली असते. गावच्या सामंतला कोर्ट म्हणजे काय ते समजावे म्हणून वेळ घालविण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला उभारतात, आणि बेणारे या अविवाहित शिक्षिकेला आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा, कलम ३०२. खेळता खेळता खेळ खरा होऊ लागतो. बेणारे गरोदर आहे आणि मूल प्रा. दामल्यांचे आहे, हे एकेकाच्या तोंडून बाहेर पडते.

कायद्याच्या दृष्टीने हा खटला हास्यास्पद आहे. ३०२ हे त्या वेळच्या दंडविधानातले खुनाचे कलम. गर्भपाताची कलमे ३१२ पासून पुढे. शिवाय जे मूल अजून पोटात आहे त्याच्या हत्येचा हा आरोप! आणि अखेरीस न्यायमूर्ती काशीकर शिक्षा काय फर्मावतात? तो गर्भ नष्ट करावा. जो गुन्हा म्हणून आरोप ठेवला तीच शिक्षा म्हणून दिली. चित्रपट आला त्याच १९७१ साली संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा मंजूर केला. कायदा एक पाऊल पुढे गेला. काशीकर मंडळी कोठे होती तेथेच राहिली.

या बेणारेवर लोक किती भांडले असतील! ती दोषी की निर्दोष? दामल्यांचा संसार तिने बिघडविला की तिलाच फसविले गेले? आणि लगेच अभिनयाचा वाद. शेवटच्या त्या लांब स्वगतात सुलभाताईंनी प्रेक्षकांना हलविले हे सर्वांना मान्य. पण ते स्वगत हवे होते का, यावर मतभेद. तेंडुलकरांच्या मनात ते नव्हते, दिग्दर्शकाच्या आग्रहावरून त्यांनी ते मागाहून लिहिले. मला विचाराल तर ते आहे तेथेच योग्य आहे. कोर्ट तिला बोलावयास फक्त दहा सेकंद देते. ती बोलत असताना बाकीचे सारे पुतळ्यासारखे थिजलेले असतात. म्हणजे तिचे बोलणे कोर्ट ऐकतच नाही, फक्त आपण ऐकतो. राशोमोनमधली युक्ती उलटी फिरविल्यासारखी आहे ही. तेथे न्यायाधीश दिसत नाही. येथे न्यायाधीश दिसतो, पण बहिरा आहे.

सामंतची साक्ष तर विसरता येत नाही. भोळा माणूस. याने बेणारेला आजवर पाहिलेलेही नसते. पण साक्ष द्या म्हटल्यावर तो हातातल्या कादंबरीत वाचलेले प्रसंग तिच्या नावावर सांगून मोकळा होतो, आणि ते सगळ्यांना पटतात! कारण अशा बायका अशाच बोलतात हे सगळ्यांनी आधीच वाचलेले असते. टपरीवर बसून नटीला दोषी ठरविणाऱ्या आपणा सर्वांच्या हातात अशी एखादी कादंबरी असतेच.

परंतु या साऱ्या वादात एका माणसाचे नाव निघत नाही. प्रा. दामले. तो त्या मंडळीचाच सभासद, पण त्या दिवशी आलेला नाही. खटल्यात त्याचे नाव शंभरदा येते, त्याला आरोपी कोणी करीत नाही. आणि त्याची भूमिका कोणा नटाने केलेली नसल्यामुळे त्याच्या अभिनयाचीही चर्चा होत नाही. प्रेक्षक बेणारेला सोडतो किंवा धरतो, दामल्याला विसरतो.

हा विसर जुना आहे, आणि त्याच्यावर पहिले बोट आपल्या वऱ्हाडातूनच ठेवले गेले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळे पाणी आले व पुढे मुदतही कमी झाली. वृत्तपत्रांनी बायकांच्या अनीतीवर रकानेच्या रकाने भरले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. ते १८८२ साली पुण्यात छापले गेले. बाईला पिंजऱ्यात उभी करणाऱ्यांनो, पुरुष कोठे आहे, हा त्यांचा सवाल. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनी इतकी टर उडविली की पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापीपर्यंत फारच थोड्यांना त्याची आठवण होती. सुरतेचा तो अनामिक पुरुष आणि तेंडुलकरांचा दामले यांच्यामध्ये शहाऐंशी वर्षे गेली. दोघेही हजर झाले नाहीत.

अलीकडच्या काळात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने असाच वाद पेटविला. व्हेनिसला गौरव झाला, देशात सुवर्णकमळ मिळाले, पण कित्येक प्रेक्षक चिडले: हे काय, निकालच नाही! लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप असा की त्याच्या गाण्याने भारून जाऊन एका गटार-कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला. शाहिराचे काम नागपूरचे वीरा साथीदार यांनी केले. ते नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते व ‘विद्रोही’चे संपादक होते, आणि एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. हा अभिनयच नव्हे असे काहींनी म्हटले. उलट गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकीलीण इतकी साधी की तिच्यावर रागावताच येत नाही. ती कलमे वाचते, घरी जाते, स्वयंपाक करते. दुष्ट कोणीच नाही, आणि माणूस मात्र तुरुंगात.

कामगाराच्या विधवेची साक्ष येते तेव्हा ती सांगते की नवऱ्याला कामावर कसलेही साधन दिले जात नसे. एक डोळा तर आधीच गेला होता. साक्ष नोंदली जाते, तारीख पडते. गटारात माणूस विनासाधन उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख रुपये द्यावेत असे सुप्रीम कोर्टाने मार्च २०१४ मध्ये सांगितले होते. तरी या चित्रपटातल्या कोर्टात ज्याने त्याला खाली उतरविले त्याच्या नावाचा पुकारा होत नाही. शाहीर खरा की खोटा यावर आपण तास तास वाद घालतो, वीरा साथीदारांनी काम केले की नुसते उभे राहिले यावरही घालतो. चित्रपटाच्या अखेरीस कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागते, दिवे मालवले जातात, आणि त्या काळोख्या दालनात आरोपीचा पिंजरा रिकामा दिसतो.