दर्शनी साम्य आणि गृहीत वाचक : आंतरजालीय नामप्रत्ययांचा वाद

आंतरजालावरील पत्त्याचा अखेरचा घटक, म्हणजे शेवटच्या बिंदूनंतर येणारा नामप्रत्यय, प्रदीर्घ काळ रोमन लिपीतच लिहिला जात असे. या प्रत्ययांचे नियमन करणाऱ्या ‘आयकॅन’ संस्थेने नोव्हेंबर २००९ मध्ये अन्य लिप्यांतील देशवाचक प्रत्ययांसाठी अर्ज स्वीकारण्यास प्रारंभ केला. नवा प्रत्यय एखाद्या विद्यमान प्रत्ययाशी संभ्रम उत्पन्न होईल इतका सदृश नसावा, अशी अट होती. लक्षणीय बाब अशी की, या संभ्रमाचा निकष म्हणून त्या लिपीशी अपरिचित असलेला वापरकर्ता गृहीत धरला गेला. लिपी वाचणाऱ्याची नव्हे, न वाचणाऱ्याची दृष्टी येथे प्रमाण ठरली.

या गृहीतकाची झळ बल्गेरियाला बसली. सिरिलिक लिपी घडली ती मध्ययुगीन बल्गेरियन साम्राज्यात. २००७ मध्ये बल्गेरियाच्या प्रवेशामुळेच ती युरोपीय संघाची तिसरी अधिकृत लिपी झाली. ‘ब’ आणि ‘ग’ या ध्वनींची दोन सिरिलिक अक्षरे या देशाने मागितली. २०१० मध्ये ती नाकारण्यात आली, कारण लहान टंकात ती ब्राझीलच्या रोमन ‘बीआर’सारखी दिसतात. बल्गेरियन वाचकाच्या लेखी मात्र दुसरे अक्षर ‘ग’च असते, त्यात ‘आर’ दिसतो तो परक्याला. रशियाने हा पेच आधीच ओळखला होता. सिरिलिक ‘रु’ पॅराग्वेच्या ‘पीवाय’सारखा दिसत असल्याने त्याने ‘रशियन संघराज्य’ या नावाची आद्याक्षरे घेतली. बल्गेरियाने आग्रह सोडला नाही. २०१४ च्या फेरतपासणीत साम्याचा आक्षेप टिकला नाही आणि २०१६ मध्ये प्रत्यय कार्यान्वित झाला. दोन अक्षरांसाठी सहा वर्षे!

एकाच लिपीतही हा निकष डोळ्यांपुरताच राहिला. २०१३ मध्ये इंग्रजी ‘हॉटेल्स’ आणि त्याच अर्थाचे पोर्तुगीज अनेकवचन परस्परसदृश ठरले. कारण अर्थ नव्हे, तर एकात ‘एल’ व दुसऱ्यात ‘आय’ एवढाच भेद. बुकिंग डॉट कॉमने या निर्णयाविरुद्ध मागितलेली दाद २०१५ मध्ये फेटाळली गेली. उलट ‘कार’ आणि ‘कार्स’ हे दोन्ही प्रत्यय शेजारी शेजारी नांदू लागले. वस्तुतः वाचकाची गफलत अशा एकवचन-अनेकवचनांतच अधिक संभवते.

भारतीय अनुभव या वादाची वेगळी बाजू दाखवतो. देवनागरी ‘भारत’ हा प्रत्यय २०१४ पासून मराठी, हिंदी, कोकणी आदी भाषांसाठी सामाईकपणे उपलब्ध झाला. बंगाली व असमिया लेखनात मात्र याच शब्दातील ‘र’चे चिन्ह तेवढे निराळे आहे, बाकी शब्द तंतोतंत सारखा. तरीही दोन्ही प्रत्ययांना मान्यता मिळाली, कारण दोहोंची व्यवस्था ‘निक्सी’ या एकाच संस्थेकडे आहे.