५ एप्रिल १४८१ : व्यापारी वजिराचा शिरच्छेद

इराणच्या गिलानमधून माल घेऊन दाभोळ बंदरात उतरलेला महमूद गावान पुढे बिदरच्या बहमनींचा वजीर झाला. ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा त्याचा किताब! घोडे समुद्रमार्गे यायचे, कापड बाहेर जायचे. १४७२ मध्ये गोवाही त्यानेच जिंकून दिला. वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग केले, तसे सरदार दुखावले. गावानच्या मोहोरदाराला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला गेला. त्यावर गावानच्या नावाने ओरिसाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले गेले. सुलतान तिसऱ्या मुहम्मदाने साधी शहानिशाही केली नाही. सत्तरीचा वजीर गेला, वर्षभरात सुलतानही. मग बहमनी राज्य फुटत गेले; १४९० मध्ये वऱ्हाड इमादशाहीकडे.